दुहेरी तावदानातील धुके

खिडकीची काच मळली तर ती पुसावी आणि बाहेरचा उजेड पुन्हा घरात घ्यावा, इतके सोपे काम घरात दुसरे क्वचितच असेल. परंतु एक खिडकी अशी असते की, ती आतून पुसली, बाहेरून पुसली, साबणाने धुतली, कोरड्या फडक्याने लखलखीत केली, तरी तिच्यावरचे धुके हलत नाही. कारण ते धुके खोलीच्या बाजूला नसते आणि रस्त्याच्या बाजूलाही नसते; दोन काचांच्या मध्ये, जेथे कोणाचाही हात पोहोचत नाही, तेथे ते बसलेले असते.

अशा दुहेरी काचेच्या खिडक्या आपल्या देशात आता अपूर्वाईच्या राहिलेल्या नाहीत. लेह किंवा सिमल्यासारख्या थंड गावी घर उबदार राहावे म्हणून, मुंबई-चेन्नईसारख्या शहरांत वातानुकूलित खोलीचा गारवा टिकावा म्हणून, आणि हमरस्त्यालगतच्या घरांत रहदारीचा आवाज अडावा म्हणून त्या बसविल्या जातात. आगगाडीच्या वातानुकूलित डब्यात प्रवास करताना तर आपणांपैकी बहुतेकांनी त्या पाहिल्याच असतील. इमारतीत ऊर्जेची बचत व्हावी या हेतूने २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली आणि २०१८ मध्ये खास निवासी घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आली. तेव्हापासून घर बांधणाऱ्या कुटुंबांपुढेही या काचेचा विचार अधिकाधिक येऊ लागला आहे.

तावदान धुरकटले की सामान्यतः एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे सबंध काच बदला. वस्तुतः काच बिघडलेली नसते. बिघडलेला असतो तो तिच्या कडेचा सांधा. काच तीच ठेवून ही दुरुस्ती होऊ शकते, आणि थोडी हातोटी असणाऱ्या कुटुंबाला ती घरीही करता येते. मात्र हत्यार हाती घेण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळविली पाहिजेत. आपल्या खिडकीत नेमके काय बिघडले आहे, हा पहिला. आणि आपल्या घराची कोरडी बाजू कोणती, आतली की बाहेरची, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाकडे बहुधा कोणाचे लक्ष जात नाही, आणि केलेली मेहनत फुकट जाते ती बहुधा त्यामुळेच.

दोन काचा आणि मधली कोरडी हवा

दोन काचांची खिडकी ही कल्पना जुनीच आहे. व्हिएन्नासारख्या युरोपीय शहरांतील जुन्या इमारतींना एकामागे एक अशा दोन झडपांच्या पेटीवजा खिडक्या आजही दिसतात. रशियात हिवाळ्याच्या तोंडी आतली दुसरी झडप बसवीत, दोहोंच्या मध्ये कापूस पसरीत आणि ओल शोषून घेण्यासाठी तेथे मीठ ठेवीत. दोन काचा कडेला कायमच्या जोडून त्यांचे एकच तावदान करण्याचे एकस्व न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसन यांनी १८६५ मध्ये घेतले. तथापि त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर सुरू व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले.

आजच्या तावदानाची घडण थोडक्यात अशी असते. दोन काचांच्या मध्ये साधारणतः १२ ते १६ मिलिमीटर अंतर असते. ते अंतर राखण्यासाठी चारी कडांना अॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते. हिला आपण अंतरपट्टी म्हणू. हिच्या पोकळीत ओल शोषून घेणारे बारीक मणी भरलेले असतात, आणि आतल्या बाजूस असलेल्या सूक्ष्म छिद्रांवाटे ते मधल्या हवेतील बाष्प ओढून घेतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्यूटाइल रबराचे चिकट लुकण असते; ते बाष्पाला अडविते. त्याच्याही बाहेर पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचे जाड लुकण असते. ते दोन्ही काचांना घट्ट धरून ठेवते. मधल्या पोकळीत साधी कोरडी हवा असते किंवा आरगॉन वायू असतो.

एवढ्या खटाटोपाचे कारण असे की, स्थिर हवेतून उष्णता फार मंद गतीने जाते. काचेच्या मानाने जवळजवळ चाळीसपट मंद. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटर साध्या काचेतून सुमारे ५.८ वॉट उष्णता निघून जाते. मध्ये १२ मिलिमीटर हवा असलेल्या दुहेरी काचेतून ती सुमारे २.८ वॉटच जाते. म्हणजे नुकसान निम्म्याहून कमी होते.

खिडकी श्वास घेते

एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा तावदानाच्या १२ मिलिमीटरच्या पोकळीत बारा लिटर हवा मावते. उन्हाने ती २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापली, तर तिचे आकारमान एकदशांशाने वाढू पाहते. दोन्ही काचा किंचित फुगतात आणि कडेच्या सांध्यावर ताण पडतो. रात्री हवा निवते, आकसते आणि काचा आत ओढल्या जातात. असा हा श्वासोच्छ्वास दररोज, वर्षानुवर्षे चालू असतो. कालांतराने लुकण कोठे तरी सुटते आणि त्या फटीतून बाहेरची दमट हवा थोडी थोडी आत येऊ लागते. प्रथम मणी ती ओल शोषून घेतात. आपल्या वजनाच्या सुमारे एकपंचमांश पाणी त्यांनी साठविले की त्यांची ताकद संपते, आणि त्यानंतर काचेवर धुके दिसू लागते. म्हणजे धुके दिसण्याच्या पुष्कळ आधी सांधा गेलेला असतो.

उंच प्रदेशात आणखी एक कारण घडते. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, आणि तेथील हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोनतृतीयांश भरतो. मैदानात जोडून बंद केलेले तावदान तेथे नेले की, आतील हवेच्या जोराने त्याच्या काचा बाहेर फुगतात आणि सांधा पहिल्या दिवसापासूनच ताणलेला राहतो. म्हणून डोंगरात न्यावयाच्या तावदानांना प्रवासात दाब सारखा होण्यासाठी एक केसासारखी बारीक नळी ठेवण्याची पद्धत आहे. पहाडी गावात नवी खिडकी घेताना ही चौकशी अवश्य करावी.

आता धुक्याचा हिशेब पाहू. हवेत किती बाष्प मावेल हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. २० अंशांवर एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते, तर शून्य अंशावर पाच ग्रॅमही राहू शकत नाही. थंड काचेला लागलेल्या हवेतील जास्तीचे बाष्प पाण्याच्या रूपाने काचेवर बसते. ज्या तापमानाला ते बसू लागते त्याला दवबिंदू म्हणतात. आपल्या बारा लिटर पोकळीत २० अंशांवर फार तर ०.२ ग्रॅम बाष्प मावेल, म्हणजे चहाच्या चमच्याचा पंचविसावा भाग. इतक्या थोड्या पाण्याने सबंध खिडकी आंधळी होते. परंतु पट्टीतील मणी शंभर ग्रॅम असतील, तर त्यांत वीस ग्रॅम पाणी दडलेले असते. नुसती पोकळीतील हवा सुकविली, तर चार दिवसांनी हेच मणी ऊन लागताच पुन्हा ओल सोडतील आणि धुके परत येईल. मण्यांचा बंदोबस्त केल्यावाचून खिडकी दुरुस्त झाली असे समजू नये.

आधी परीक्षा, मग हत्यार

पहिली परीक्षा धुके कोठे आहे याची. काचेवर आतून बोट ओढावे. रेघ उमटली तर ओल खोलीच्या बाजूची आहे. स्वयंपाकाची वाफ, आत वाळत घातलेले कपडे किंवा कोंदटपणा हे तिचे कारण असते, आणि वायुवीजन हाच तिच्यावर उपाय होय. बाहेरून रेघ उमटली तर ते केवळ दव आहे. बोट कोठेही ओले होत नसेल, तरच पुढील मजकूर आपल्या खिडकीसाठी आहे.

दुसरी परीक्षा बर्फाच्या वाटीची. स्टीलच्या वाटीत बर्फाचे तुकडे घेऊन तिचा सपाट तळ काचेवर पाच-सात मिनिटे टेकवून धरावा. मग वाटी काढून काचेवरचे पाणी पुसावे आणि निरखून पाहावे. त्या जागी आतल्या पोकळीत धुक्याचे वर्तुळ उमटले असेल, तर सांधा गेला आहे हे निश्चित समजावे. वस्तू मुद्दाम थंड करून तिच्यावर दव केव्हा धरते हे पाहण्याची ही रीत जुनी आहे; जॉन डॅनियल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२० मध्ये याच तत्त्वावर आर्द्रता मोजण्याचे उपकरण तयार केले होते. दुरुस्तीनंतर काम साधले की नाही हेही याच वाटीने कळेल.

तिसरी परीक्षा काचेच्या जातीची. बाजारात जिला टफन्ड म्हणतात, ती उष्णतेने कडक केलेली काच असते आणि तिच्या कोपऱ्यात बहुधा शिक्का असतो. या काचेला ड्रिलचे टोक लागले तर क्षणार्धात तिचे हजारो तुकडे होतात. तद्वतच काही काचांच्या आतल्या अंगाला उष्णता परतविणारा अदृश्य लेप असतो. तो ओळखण्यासाठी रात्री काचेसमोर पेटती मेणबत्ती धरावी. दोन काचांना चार पृष्ठभाग, म्हणून ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतील. त्यांतील एकाचा रंग इतरांहून निराळा असेल, तर लेप आहे असे समजावे. असे तावदान आतून धुऊ नये. लेप निघून जाईल.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. अनेक उत्पादक तावदानाच्या सांध्याची काही वर्षांपर्यंत हमी देतात. हमी चालू असेल तर छिद्र पाडून ती गमावण्यात शहाणपण नाही.

दुरुस्ती करावीच का?

हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे, कारण भीतीपोटी पुष्कळ कुटुंबे विनाकारण खर्च करतात. धुरकटलेले तावदान निकामी झाले, त्यातून आता सगळी उष्णता निसटते, असे सांगितले जाते. ते खरे नाही. दोन काचा आणि मधली हवा तेथेच आहेत. आरगॉन निघून गेला असेल, तरी लेप नसलेल्या काचेत त्याने होणारा फरक लहान असतो, २.६ वॉटचे २.८ वॉट होतात. तेव्हा खिडकी घर उबदार किंवा गार राखण्याचे काम बहुतांशी पूर्वीसारखेच करीत असते. गेलेली असते ती दृष्टी आणि शोभा. लेप असलेल्या तावदानात मात्र नुकसान मोठे होऊ शकते, कारण ओलीने त्या लेपातील चांदीचा थर खराब होतो.

म्हणजे घाई नाही. पण आळसही नको. पाणी काचेवर दीर्घकाळ राहिले, तर ते काचेतील सोडा विरघळवून घेते, त्यामुळे स्वतः क्षारयुक्त होते आणि मग काचच कोरू लागते. असा पांढुरका डाग कोणत्याही द्रावणाने जात नाही. धुके सकाळी येऊन दुपारी विरत असेल, तर तो दुरुस्तीचा सर्वोत्तम काळ समजावा. अगदी कोरड्या, तापलेल्या दिवशीही दुधाळ डाग दिसत असतील, तर काच कोरली गेली आहे. ती बदलणेच योग्य.

प्रत्यक्ष काम

उत्तर अमेरिकेत बाहेरच्या काचेलाच बारीक छिद्रे पाडून पोकळी धुण्याची व सुकविण्याची पद्धत प्रचलित आहे. घरी मात्र काचेला हात न लावता कडेच्या पट्टीतून काम करणे अधिक सुरक्षित. त्यासाठी तावदान चौकटीतून बाहेर काढावे लागते. खिडकी वरच्या मजल्यावर असून बाहेर वाकल्याशिवाय काच निघत नसेल, किंवा ती इमारतीच्या काचभिंतीचा भाग असेल, तर हे काम कारागिरावरच सोपवावे.

साहित्य असे: हातमोजे, डोळ्यांना चष्मा, मंद गतीने फिरणारे ड्रिल व ४ मिलिमीटरचे टोक, मासे ठेवण्याच्या काचपेटीला लावतात तो हवेचा लहान पंप, त्याची प्लॅस्टिकची नळी, घट्ट झाकणाचा मोठा डबा, अर्धा किलो सिलिका जेल आणि ब्यूटाइलचे लुकण. औषधांच्या बाटलीत आणि नव्या पिशवीत जी पुडी असते तेच हे सिलिका जेल. ओल धरली की रंग बदलणारे जेल मिळते. त्यातील नारिंगी जातीचे घ्यावे, निळे घेऊ नये. निळ्या रंगासाठी वापरलेले कोबाल्टचे क्षार आरोग्याला अपायकारक आहेत. जेल कोणत्याही रंगाचे असले तरी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

काचेभोवतीची पट्टी अलगद उचकटावी आणि दोघांनी मिळून तावदान बाहेर घ्यावे. ४ मिलिमीटर जाडीच्या दोन काचांचे एक चौरस मीटर तावदान वीस किलो भरते, हे ध्यानात असू द्यावे. ते घोंगडीवर उभे टेकवून उभ्या कडेच्या खालच्या टोकाशी, दोन काचांच्या बरोबर मध्ये, प्रथम लुकण व अंतरपट्टीची फक्त बाहेरची भिंत भेदावी. छिद्रातून मणी सांडू लागतील. सांडू द्यावेत, ओलीचा साठा तोच आहे. तावदान हलक्या हाताने थोपटून, निघतील तेवढे मणी काढून घ्यावेत. त्यानंतर पट्टीची आतली भिंत भेदावी. असेच दुसरे छिद्र समोरच्या उभ्या कडेच्या वरच्या टोकाशी पाडावे. ड्रिल सरळ धरावे आणि जोर लावू नये. टोक काचेच्या कडेला घासले तर तडा गेलाच म्हणून समजा.

आत ओघळांचे डाग असतील आणि काचेला लेप नसेल, तर थोडे शुद्ध पाणी आत सोडून, तावदान कलते करून खळबळावे आणि काढून टाकावे. हे पाणी बॅटरीत घालतात तसले क्षाररहित असावे. नळाचे पाणी वाळताना आपलेच डाग मागे ठेवते. शेवटी थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरविल्यास उरलेले पाणी लवकर निघते. परंतु ते ज्वालाग्राही असल्यामुळे जवळ विस्तव, शेगडी किंवा चालू पंप नसावा, आणि त्याचा वास पूर्ण गेल्यावरच पुढचे काम हाती घ्यावे.

आता सुकविणे. पंप आणि कोरडे जेल दोन्ही डब्यात ठेवावीत आणि विजेची तार जेथून बाहेर येते ती जागा लुकणाने बंद करावी. पंपाची नळी वरच्या छिद्राला जोडावी. खालच्या छिद्रापासून दुसरी नळी परत डब्यात आणावी. अशा रीतीने तीच हवा पोकळीतून जेलमध्ये आणि जेलमधून पोकळीत फिरत राहते, आणि प्रत्येक फेरीत थोडी ओल मागे ठेवून जाते. एक ते दोन दिवस हे चालू द्यावे. जेलचा रंग पालटला की ते भट्टीत ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून, बंद बरणीत निववून पुन्हा वापरावे. परतीची नळी कधीही बंद होऊ देऊ नये आणि पंक्चरवाल्याकडे असतो तसला जोरकस हवेचा पंप कदापि लावू नये. आतील दाबाने काच फुटू शकते.

दोन दिवसांनी बर्फाची वाटी पुन्हा टेकवून पाहावी. धुक्याचे वर्तुळ उमटले नाही, तर पोकळी कोरडी झाली. मग खालचे छिद्र ब्यूटाइलने बुजवावे. कडेला जेथे लुकण सुटलेले दिसते तेथेही आधी ब्यूटाइल आणि वरून सिलिकॉन द्यावे. केवळ सिलिकॉनवर विसंबू नये. ते पाण्याचा थेंब अडविते, परंतु बाष्पाला पुष्कळ वाट देते. शिवाय ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते आतल्या लुकणाला अपाय करू शकते. म्हणून बिनवासाचे, ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले घ्यावे.

श्वासाची वाट कोरड्या बाजूला

वरचे छिद्र आपण अजून बुजविलेले नाही, आणि येथेच तो दुसरा प्रश्न उभा राहतो. घरी केलेला सांधा कारखान्यातल्याइतका निर्दोष होणे कठीण. खिडकी श्वास घेणारच. तेव्हा तिने कोठून आणि कसा श्वास घ्यावा हे आपणच ठरवून दिलेले बरे. विजेच्या मोठ्या रोहित्राला एक लहान काचेची बरणी लावलेली असते आणि तिच्यात जेलचे खडे दिसतात, हे आपण पाहिले असेल. रोहित्रातील तेल तापून फुगते व निवून आकसते, तेव्हा आत जाणारी हवा त्या खड्यांमधून गाळून कोरडी होऊन जाते. हीच युक्ती आपल्या खिडकीला लागू पडते. वरच्या छिद्रात एक बारीक नळी बसवून ती चौकटीतून बाहेर काढावी. तिच्या टोकाला जेलने भरलेली बोटाएवढी कुपी लावावी आणि धूळ व किडे जाऊ नयेत म्हणून कुपीच्या तोंडाशी कापसाचा बोळा ठेवावा.

ही कुपी घराबाहेर उघडावी की खोलीत? परदेशी माहितीपत्रके एकमुखाने सांगतात की बाहेर. कॅनडासारख्या देशात ते बरोबरच आहे आणि लेहमध्येही बरोबर आहे. उणे १० अंश थंडीत बाहेरच्या एक घनमीटर हवेत जेमतेम सव्वादोन ग्रॅम बाष्प मावते. आत मात्र शेगडी पेटलेली असते, चहाचे आधण चढलेले असते, माणसे श्वास घेत असतात. १८ अंशांच्या खोलीत निम्मी आर्द्रता धरली, तरी बाष्प साडेसात ग्रॅमच्या वर भरते. थंड प्रदेशात बाहेरची हवाच कोरडी असते.

मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई, कोलकाता येथील वातानुकूलित घरात नेमके उलट घडते. पावसाळ्यात बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. खोली २३-२४ अंशांवर ठेवली, तर आतली काच त्याहून थंड असते. अशा वेळी बाहेर उघडलेल्या नळीने दमट हवा आत आणून थंड काचेवर तिचे पाणी करण्याची सोयच आपण करून ठेवतो. याउलट वातानुकूलित खोलीतील २४ अंशांच्या हवेत ५५ टक्के आर्द्रता धरली, तर तिचा दवबिंदू सुमारे १४ अंश येतो. तितकी थंड काच त्या खोलीत कोठेच नसते. म्हणून दमट व उष्ण प्रदेशात कुपी खोलीच्या बाजूला उघडावी. यंत्र बंद असताना खोलीत शिरणारी ओल कुपीतील जेल सांभाळून घेते. दिल्लीसारख्या ठिकाणी, जेथे हिवाळ्यात शेगडी आणि उन्हाळ्यात वातानुकूलन अशी अदलाबदल होते, तेथेही कुपी खोलीच्या बाजूला ठेवलेली सोयीची, कारण जेलचा रंग डोळ्यांसमोर राहतो. मात्र ते वरचेवर सुकवावे लागेल.

तावदान परत बसविताना चौकटीच्या तळाशी असलेली पाणी वाहून जाण्याची भोके मोकळी आहेत ना, हे पाहण्यास विसरू नये. ती मातीने बुजलेली असली की पावसाचे पाणी चौकटीत साचते आणि कडेचे लुकण सतत ओलीत राहून सुटते. कित्येक तावदाने खराब होण्याचे मूळ एवढेच असते, आणि तारेच्या एका तुकड्याने ते दूर होते.

अपेक्षा किती ठेवावी

अशा दुरुस्तीने काच स्वच्छ होईल, उजेड पुन्हा पूर्वीसारखा येईल आणि समोरचा डोंगर किंवा अंगणातले झाड स्पष्ट दिसेल. निघून गेलेला आरगॉन परत येणार नाही, आणि कोरली गेलेली काच नितळ होणार नाही. हाताशी चांगला काचकाम करणारा कारागीर असेल, तर तो दोन्ही काचा सोडवून, स्वच्छ करून, नवी अंतरपट्टी आणि नवे मणी घालून तावदान पुन्हा बांधून देऊ शकतो. काच न बदलण्याचा सर्वांत पक्का मार्ग तोच होय. पण कोणीही, कारागीर असो की विक्रेता, मण्यांविषयी काहीच न बोलता केवळ काचेवर किंवा कडेला काही तरी फासून धुके कायमचे घालविण्याचे आश्वासन देऊ लागला, तर त्याला एवढेच विचारावे: आतले पाणी जाणार कोठे?

काच तयार करण्यासाठी वाळू, सोडा आणि चुनखडी सुमारे १,५०० अंशांच्या भट्टीत वितळवावी लागतात. इतके इंधन खर्चून तयार झालेली, एकही तडा न गेलेली काच चमच्याच्या पंचविसाव्या भागाइतक्या पाण्यापायी उकिरड्यावर जाऊ नये, यातच घराचे आणि देशाचेही हित आहे. पावसाळा सुरू होण्यापूर्वी छपराची कौले पाहावी, पन्हळी साफ कराव्या, त्याच दिवशी खिडकीच्या कुपीतील जेलचा रंगही पाहावा. तो पालटला असेल, तर मूठभर जेल तापवून कोरडे करावे आणि कुपी पुन्हा जागेवर लावावी. त्या एका कामाला अर्धा दिवसही लागत नाही.